सुटलेला टाका आणि सुईमागचा फास

क्विल्टिंग करताना, म्हणजे दोन कापडांमध्ये भरण घालून तिन्ही थर एकत्र शिवताना, शिलाई मशीन टाके सोडू लागले, की बहुतेकांचा हात आधी टेन्शनच्या नॉबकडे जातो. हा नॉब वरच्या धाग्यावरचा ताण कमी-जास्त करतो आणि त्या ताणावर पडलेला टाका कसा बसेल हे ठरते; परंतु टाका मुळात पडलाच नसेल, तर नॉब फिरवून काही साधत नाही. सुटलेल्या टाक्याचे कारण सहसा सुईच्या टोकापाशी असते, आणि तेही सुई तळाशी जाऊन वर येऊ लागते त्या पहिल्या दोन-अडीच मिलिमीटरच्या प्रवासात.

टोकापाशी नेढे असलेली सुई आणि कापडाच्या दुसऱ्या बाजूने येणारा दुसरा धागा ही जोडी एलियास हाउ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात होती आणि आजच्या घरगुती मशीनमध्येही ती कायम आहे. सुई नीट पाहिली तर तिच्या एका बाजूला लांब खाच दिसते, तर विरुद्ध बाजूला नेढ्याच्या किंचित वर थोडासा भाग खरवडल्यासारखा खोलगट असतो. सुई वर येऊ लागते तेव्हा खाचेतला धागा कापडाला फारसा न घासता सुईबरोबर वर सरकतो. मागच्या बाजूचा धागा मात्र सुई आणि कापड यांच्यामध्ये दाबला गेल्यामुळे घर्षणाने जागीच अडतो आणि त्या खोलगट भागाजवळ फुगून त्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकचे टोक सुई आणि फास यांच्यामधून जाते, फास पकडते आणि तो बॉबिनवरून ओढून नेते, म्हणजे वरच्या धाग्यात खालचा धागा अडकतो. सुई आणि हुकचे टोक यांच्यातले अंतर सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतके असते.

सगळा डोलारा कापडाने जागेवर स्थिर राहण्यावर उभा आहे. फीड डॉग, म्हणजे कापड पुढे सरकवणारे दाते, खाली करून हाताने कापड फिरवताना फूट, म्हणजे सुईभोवतीचा दाबपाय, ते सतत दाबून धरत नाही. त्यामुळे फुगीर भरणासह तिन्ही थर सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले जातात, सुई आणि कापड यांच्यात सापेक्ष हालचाल उरत नाही आणि फास फुगतच नाही. थर जोडण्यासाठी फवारलेला गोंद सुईवर साचला, तर हे अधिकच घडते.

दुसरे कारण हाताचा वेग. मिनिटाला ६०० टाके पडत असतील, तर एका टाक्याला ०.१ सेकंद मिळतो. हात सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असेल, तर त्या वेळात कापड अडीच मिलिमीटर पुढे जाते. टाक्याच्या एक तृतीयांश वेळ सुई कापडात रुतलेली असते असे धरले, तरी तेवढ्यात कापड सुईला जवळपास ०.८ मिलिमीटर बाजूला ओढू पाहते. कापड मऊ असल्याने सुई तितकी वाकत नाही; परंतु तिच्या आणि हुकमधल्या अंतराच्या आठपट असलेल्या या ओढीचा अल्पसा भागही हुकला चुकवायला पुरतो. ‘यंत्राला एकाच्याच हाताची सवय होते, दुसऱ्याने चालवले की ते रुसते’ या समजुतीमागे एवढेच यांत्रिक तथ्य आहे, की प्रत्येकाच्या हाताचा आणि पायाचा वेग वेगळा असतो.

म्हणून आधी सुई बदलावी, ती पूर्ण वर सरकवून बसवावी आणि धाग्याला साजेशा जाडीची घ्यावी. सुईच्या ९०/१४ या क्रमांकातील ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर व्यास. जाड धागा बारीक सुईच्या खाचेत मावत नाही, दोन्ही बाजूंनी घासतो आणि फास बिघडतो. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा सुईची झीज कमी करतो. जाहिरातीत तो कितीही चमकला तरी चुकीच्या मापाच्या सुईला तो योग्य करत नाही.

ताणाचा दोष वेगळा ओळखू येतो, कारण तेव्हा टाके पडतात, पण दोन धाग्यांची गाठण थरांच्या मधोमध न राहता वर किंवा खाली दिसते. वळणावर खालच्या बाजूस पापण्यांसारखे धागे दिसले, तर वरचा ताण अपुरा आहे किंवा हात वळणावर धावला आहे. खाली मोठा गुंता झाला की लोक बॉबिन काढतात. वास्तविक फूट खाली असताना वरचा धागा ओवल्यास तो टेन्शनच्या बंद चकत्यांमध्ये शिरतच नाही आणि सैल राहिलेला वरचाच धागा खाली साचतो. फूट वर उचलून तो पुन्हा ओवला, की बॉबिनला हात न लावता हा गुंता थांबतो.