हिराकस

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा पाण्यात सहज विरघळणारा क्षार. खडे फिकट हिरवे. पोलादाचा गंज गंधकाम्लाने काढताना तो उपउत्पादन म्हणून निघतो, त्यामुळे स्वस्त पडतो. यातले फेरस लोह (विरघळणारे रूप) हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरिक (सहसा न विरघळणारे रूप) होत जाते. हिराकसाचे बहुतेक उपयोग आणि अडचणीही याच बदलातून येतात.

गढूळ पाण्यात हिराकस आणि चुना टाकला की फेरिक हायड्रॉक्साइडचे तपकिरी पुंजके तयार होतात व मातीचे कण घेऊन तळाशी बसतात. त्यासाठी पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) साधारण साडेआठच्या वर लागतो. क्लोरीन सोबत दिल्यास कमी सामूवरही काम होते. खेड्यातल्या पिण्याच्या पाण्याला मात्र तुरटीच बरी. हिराकसाची मात्रा चुकली तर पाणी तांबूस होते, लोखंडी चव येते आणि धुतलेल्या धोतरावर डाग उरतात. त्याची खरी जागा सांडपाण्यात आहे. तिथे तो फॉस्फेट आणि दुर्गंधी सल्फाइड बांधून ठेवतो, मुलाम्याच्या कारखान्यांतले विषारी षट्संयुजी क्रोमियम सौम्य त्रिसंयुजी रूपात आणतो. हाच गुण सिमेंटमध्येही वापरतात, कारण त्या क्रोमियमने गवंड्यांच्या हातांना इसब होतो. युरोपात 2005 पासून सिमेंटमधल्या अशा विद्राव्य क्रोमियमला दशलक्षात 2 भागांची मर्यादा आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई आणि काळा रंग करण्याची रीत जुनी आहे.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हिराकस ठाऊक असतो तो संत्र्यामुळे. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. (जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे, तिथे हिराकसावर पैसे घालवू नयेत.) अशा जमिनीत टाकलेला हिराकसही लवकरच फेरिक होऊन अडकतो, म्हणून तो पानांवर फवारतात: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का. विहिरीचे पाणी जड असेल तर थोडे सायट्रिक आम्ल आधी घालावे. द्रावण त्याच दिवशी वापरावे, ऊन चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर.

निळ्या मोरचुदाशी त्याची गल्लत करू नये. ते तांब्याचे आहे. पोते उघडे राहून खडे पिवळट-तपकिरी झाले असतील, तर तो हिराकस फवारणीला घेऊ नये.