संख्येचे पाया-रूपांतर

एका पायात लिहिलेली पूर्ण संख्या दुसऱ्या पायात लिहिण्याच्या रीतीला पाया-रूपांतर म्हणतात. पाया म्हणजे मोजताना गठ्ठा कितीचा बांधायचा तो आकडा. संख्या तीच राहते, बदलतात ते तिचे गठ्ठे. दशमान पद्धतीत गठ्ठे दहा-दहाचे, द्विमानात दोन-दोनचे, अष्टमानात आठ-आठचे, षोडशमानात सोळा-सोळाचे.

पुण्याच्या पिनकोडचे पहिले तीन अंक, ४११, ही संख्या अष्टमानात लिहू. ४११ला ८ने भागले की भागाकार ५१, बाकी ३. ५१ला भागले की ६, बाकी ३. ६ला भागले की शून्य, बाकी ६. शून्य आले की थांबायचे आणि बाक्या खालून वर वाचायच्या: ६३३. पहिली बाकी म्हणजे आठ-आठचे गठ्ठे बांधून उरलेले सुटे, म्हणून तिची जागा एककाची. मुले चुकतात ती बहुधा इथेच. बाक्या वरून खाली उतरवल्या तर ३३६ मिळते, आणि ती दशमानातली २२२ आहे. त्यामुळे पडताळा करावाच, तो सोपाही आहे. डावीकडून सुरू करून ८ने गुणत, पुढचा अंक मिळवत जायचे: ६ × ८ + ३ = ५१, ५१ × ८ + ३ = ४११.

द्विमानासाठी २ने नऊ वेळा भागावे लागते. त्यापेक्षा, ८ म्हणजे २ × २ × २ असल्याने, ६३३मधला प्रत्येक अंक तीन द्विमान अंकांत मांडावा: ११० ०११ ०११. हेच अंक उजवीकडून चार-चार घेतले की १, १००१, १०११, म्हणजे षोडशमानात १९बी. तिथे दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ साली पुण्यात घडवलेल्या परम ८००० महासंगणकापासून हातातल्या मोबाइलपर्यंत सगळी आकडेमोड ० आणि १ या दोन अंकांवरच चालते.

ही रीत शिकवताना सुरुवात मात्र आणे-पैशांपासून करावी. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत पुण्याच्या बाजारातही रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. ‘सोळा आणे खरे’ हा बोल त्या हिशेबातलाच. ४११ पैशांचे रुपये करायचे तर आधी ४ने भागायचे: १०२ आणे, उरले ३ पैसे. मग १६ने: ६ रुपये, उरले ६ आणे. भाजक दर पायरीला बदलतो, म्हणून हा मिश्र पाया. बाक्या इथेही खालूनच वाचायच्या: ६ रुपये ६ आणे ३ पैसे.