बोटीवरचा फ्रीज बंद पडतोय? आधी व्होल्टेज मोजा

फ्रीज थंड करत नाही म्हणून कंप्रेसर बदलायला निघण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. बॅटरीवर चालणाऱ्या फ्रीजचा कंप्रेसर सहसा जात नाही. बहुतेक वेळा बॅटरीपासून फ्रीजपर्यंतच्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज खाल्ले जात असते.

हे पत्रक बीडी ३५ किंवा बीडी ५० कंप्रेसरच्या (पूर्वी डॅनफॉस, आता सेकॉप) फ्रीजसाठी आहे. कंप्रेसरला चिकटून बसवलेली छोटी पेटी म्हणजे कंट्रोल युनिट. बॅटरी पार उतरू नये म्हणून ते १०.४ व्होल्टला कंप्रेसर थांबवते आणि ११.७ ला पुन्हा चालू होऊ देते. २४ व्होल्टच्या बोटीवर हेच आकडे २२.८ आणि २४.२. मूळ सेटिंगचे हे आकडे बॅटरीवरचे नव्हेत, युनिटच्या टर्मिनलवरचे. सगळी गोम इथे आहे.

समजा, बॅटरी ५ मीटरवर आहे आणि वायर १.५ चौरस मिमीची. जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. ५ अँपला तिच्यात जवळपास ०.६ व्होल्ट जातात. फ्यूज होल्डर काळा पडला असेल तर आणखी ०.८. लोडखाली, म्हणजे फ्रीज चालू असताना, ११.८ दाखवणाऱ्या बॅटरीचे फ्रीजपाशी १०.४ च उरतात आणि युनिट बंद होते. लोड गेला की व्होल्टेज लगेच वर चढते, थोड्या वेळाने कंप्रेसर पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. फ्रीज दिवसभर असा आचके देत असेल तर वायरिंगच बघा. बंद फ्रीजवर मोजाल तर सगळे ठीकच दिसेल.

म्हणून थर्मोस्टॅट पूर्ण थंडीवर ठेवा आणि कंप्रेसर चालू असताना मोजा. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरा युनिटच्या प्लस टर्मिनलवर: जो आकडा दिसेल तेवढे व्होल्टेज प्लसच्या वाटेत गेले. मायनसचेही तसेच मोजा. ती बाजू हमखास विसरली जाते. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर फ्यूज होल्डर, स्विच, जोड असे एकेक टप्पे दोन्ही बाजूंना प्रोब लावून तपासा. फ्यूज शाबूत दिसतो, पण त्याच्या पकडीवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढलेला असतो.

दुरुस्तीआधी बॅटरी सोडवा. वायर सोलल्यावर तांबे काळे निघाले तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापा. तरीही काळेच असेल तर वायर बदला. नवी वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्या, तिच्या टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. टेप गुंडाळलेला पिळाचा जोड बोटीवर टिकत नाही. बॅटरीपासूनच्या एकेरी अंतरासाठी जाडी: २.५ मीटरपर्यंत २.५ चौरस मिमी, ४ मीटरपर्यंत ४, ६ मीटरपर्यंत ६. २४ व्होल्टला त्याच वायरवर दुप्पट अंतर चालते. फ्यूज १२ व्होल्टला १५ अँप, २४ ला ७.५. फ्रीजची प्लस-मायनस वायरची जोडी थेट बॅटरीपासून आणा, पंपाच्या किंवा दिव्यांच्या वायरीवर टांगू नका.

युनिटवरचा एलईडी दिवा दर ४ सेकंदांनी लुकलुकत असेल तर दर खेपेला तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. (एलईडी नसल्यास १० मिलिअँपचा एलईडी ‘+’ आणि ‘डी’ टर्मिनलमध्ये जोडता येतो.) एकदा: व्होल्टेज कमी, म्हणजे वरचे सगळे. दोनदा: पंखा जास्त करंट ओढतोय, त्याची वायर काढून बघा, कंप्रेसर चालला तर पंखा बदला. नवा पंखा २४ व्होल्टच्या बोटीवरही १२ व्होल्टचाच लागतो. तीनदा: कंप्रेसर सुरू होत नाही, बंद करून दहा मिनिटे थांबा, आतले दाब सारखे होऊ द्या. चारदा: मोटर किमान वेग गाठत नाही. पाचदा: युनिट तापलेय, कोंडलेल्या कप्प्याला हवा द्या.

दिवाही नाही, कंप्रेसरही नाही आणि टर्मिनलवर व्होल्टेज नीट आहे, तर ‘सी’ आणि ‘टी’ टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा. कंप्रेसर चालला तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या वायरचा. कंप्रेसरच्या तीन पिनांना मात्र थेट १२ व्होल्ट कधीही देऊ नका. ती तीन फेजची मोटर आहे, जळेल.

कंप्रेसर अखंड चालतो, पंखाही फिरतो, पण आतल्या प्लेटवर बर्फ धरत नसेल तर तो गॅसचा दोष. तो आमच्याकडे सोडा. फोन करताना तीन गोष्टी लिहून ठेवा: चालू असताना बॅटरीवरचे व्होल्टेज, त्याच वेळचे युनिटच्या टर्मिनलवरचे, आणि दिवा किती वेळा लुकलुकला.