शब्द दहा वेळा लिहिला की लक्षात राहतो का?

सहावीत शिकणाऱ्या भाचीची इंग्रजीची वही परवा चाळत होतो. डावीकडे 'हार्वेस्ट', उजवीकडे 'सुगी', आणि हीच जोडी एकाखाली एक दहा वेळा. पुढच्या पानावर दुसरा शब्द, तोही दहा वेळा. अक्षर सुरेख होते, चूक एकही नव्हती. वही मिटून मी तिला विचारले, "सुगीला इंग्रजीत काय म्हणतात?" ती गप्प झाली. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होते, म्हणजे या मुलीची त्या भाषेशी ओळख पाच वर्षांहून जुनी आहे. तिची बुद्धी उत्तम आहे आणि कष्टांतही ती कमी पडलेली नाही. त्या कष्टांमध्ये मेंदूला नेमके कोणते काम मिळाले, हे तपासायला हवे.

जोडी दुसऱ्यांदा लिहिताना वरची ओळ डोळ्यांसमोर असते. हात उतरवून काढतो आणि स्मरणातून काहीच शोधावे लागत नाही.

विस्मरणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरगटांच्या ओळी पाठ केल्या आणि काही काळाने त्याच ओळी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी श्रम लागतात, हे मोजले. ही बचत वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याने सुमारे २१ टक्के भरली. हे आकडे 'एवढे टक्के आठवते' अशा अर्थाने सर्रास सांगितले जातात, ते चूक आहे. ओळ आठवत नसतानाही श्रम वाचतात, म्हणजे विसरलेल्या गोष्टीचाही काही अंश मेंदूत शिल्लक असतो, आणि पुढचे सारे या शिल्लक अंशावर उभे आहे.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री कार्पिके आणि हेन्री रॉडिगर यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायचे होते. एखादा शब्द एकदा बरोबर आला की काहींनी तो पुन्हा वाचणे सोडले, पण त्याची चाचणी देत राहिले. काहींनी उलट केले: वाचन चालू ठेवले आणि चाचणीतून तो शब्द वगळला. शिकण्याच्या सत्राअखेर सर्वांना सारेच शब्द येत होते. आठवड्याने पाहिले, तेव्हा चाचणी देत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले आणि चाचणी सोडलेल्यांना जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतके. वाचन चालू होते की बंद, याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आपल्याला निम्मे शब्द आठवतील, असा अंदाज मात्र सगळ्याच गटांचा होता; आपले शिकणे पक्के झाले की नाही, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही.

असे का होते? रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९२ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रत्येक आठवणीला दोन बळे असतात. ती मनात किती खोल रुजली आहे, हे साठवणीचे बळ. या क्षणी ती किती सहज हाती लागते, हे आठवण्याचे बळ. पहिले वाढत जाते, दुसरे काळाबरोबर घसरते. आठवण्याचे बळ घसरलेले असताना प्रयत्नाने शब्द आठवला, तर साठवणीच्या बळात मोठी भर पडते. आठवण्याचे बळ शिगेला असताना, म्हणजे शब्द समोर दिसत असताना, तीच उजळणी केली तर भर नगण्य असते. म्हणूनच थोडे विसरू देणे हा शिकण्याचाच भाग आहे, आणि एका बैठकीतील दहा उजळण्यांपेक्षा आज, परवा, आठवड्याने अशा विखुरलेल्या तीन उजळण्या अधिक फळतात.

मुलांच्या स्मरणशक्तीबद्दल पालकांना वाटणाऱ्या काळजीवर मोठा बाजार उभा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून मुले वाचू लागतात असा 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' (म्हणजे मधला मेंदू जागा करणे) शिकवणाऱ्या वर्गांचा दावा तर उघड फसवणूक आहे, कारण मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात. अशा वर्गांसाठी हजारो रुपये भरणाऱ्या पालकांनी तो पैसा मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर खर्च करावा, असे मला कळकळीने वाटते.

घरी करण्याजोगा उपाय जर्मन विज्ञानपत्रकार सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली सांगितला. बुटांच्या खोक्याचे पाच कप्पे करावेत आणि पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापून एका बाजूला 'सुगी', दुसऱ्या बाजूला 'हार्वेस्ट' लिहावे. मराठी बाजू पाहून इंग्रजी शब्द आठवावा, कारण उलट दिशा सोपी असते आणि बोलताना मराठीकडून इंग्रजीकडे जाण्याचीच दिशा लागते. बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते; पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. उत्तर चुकले तर मागची बाजू लगेच पाहावी, शब्द एका वाक्यात वापरावा आणि चिठ्ठी पहिल्या कप्प्यात परत ठेवावी. भाचीच्या खोक्यात आता एकवीस चिठ्ठ्या आहेत. 'हार्वेस्ट' दोनदा मागे येऊन काल तिसऱ्या कप्प्यात पोचला.