ओपनस्ट्रीटमॅपचा चेहरामोहरा २०१३ मध्ये का बदलला?

२००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केले, तेव्हा नकाशा दिसावा कसा हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नव्हता. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी संस्थेची नकाशा-माहिती महाग होती आणि तिच्या वापरावर निर्बंध होते. त्यामुळे लोकांनीच जीपीएस घेऊन रस्ते पालथे घालावेत व सर्वांसाठी खुला नकाशा उभारावा, ही मूळ प्रेरणा होती. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले आणि माउसने ओढता येणाऱ्या नकाशाची लोकांना सवय लागली. ओपनस्ट्रीटमॅपनेही तशी मांडणी स्वीकारली खरी, पण संकेतस्थळ गरजेप्रमाणे वाढत गेले. त्याचा एकसंध विचार कुणी केला नव्हता.

खरी अडचण संपादनात होती. ओपनस्ट्रीटमॅपच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) बिंदू असतात, बिंदू जोडून झालेल्या रेषा असतात आणि त्यांचे परस्परसंबंध असतात. तळे किंवा इमारत म्हणजेही तांत्रिकदृष्ट्या स्वतःला येऊन मिळणारी रेषाच. प्रत्येक वस्तूची ओळख टॅगांनी, म्हणजे गुणधर्म आणि त्याचे मूल्य अशा शब्दांच्या जोड्यांनी पटते. जोसम हे संगणकावर उतरवून घ्यायचे साधन या रचनेला पूर्ण न्याय देते, मात्र ते वापरणाऱ्याला ती रचना आधी समजलेली असावी लागते. रिचर्ड फेअरहर्स्ट यांच्या पॉटलॅचमुळे २००७ पासून थेट ब्राउझरमध्ये संपादन करता येऊ लागले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत केलेला बदल लगेच मुख्य विदागारात जमा होत असे. नवख्याचा हात थरथरावा अशीच ही सोय होती. शिवाय पॉटलॅच फ्लॅश या ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालत असे आणि आयफोन-आयपॅडच्या ब्राउझरांत फ्लॅशला जागाच नव्हती.

२०१२ मध्ये अमेरिकेतील नाइट फाउंडेशनने मॅपबॉक्स या नकाशांची साधने बनवणाऱ्या कंपनीला ५,७५,००० डॉलरचे अनुदान दिले आणि त्यातून आयडी (iD) हे ब्राउझरमध्येच, जावास्क्रिप्ट या भाषेवर चालणारे संपादनाचे साधन आकाराला आले. त्याची मूळ कल्पनाही फेअरहर्स्ट यांचीच. वरच्या पट्टीवर तीन बटणे: बिंदू, रेषा, क्षेत्र. विदागारात ‘क्षेत्र’ नावाचा वेगळा प्रकार नाही, तरीही बटण आहे, कारण शाळेचे मैदान आखणाऱ्याच्या मनात क्षेत्रच असते. माझ्या मते संपूर्ण पुनर्रचनेतील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. टॅग पाठ करण्याऐवजी ‘शाळा’ किंवा ‘विहीर’ असे नाव शोधून निवडता येऊ लागले. प्रवेश सोपा झाला की चुकाही वाढतील, ही जुन्या कार्यकर्त्यांची भीती अनाठायी नव्हती, पण नवे हात मिळाल्याशिवाय नकाशा पूर्ण होणार नव्हता, हेही तितकेच खरे.

२०१३ मध्ये संकेतस्थळही बदलले. पूर्वी एखाद्या रस्त्याची माहिती उघडली की वेगळे पान येई आणि त्यात छोटासा नकाशा असे. डिसेंबर २०१३ च्या मांडणीत ती माहिती डाव्या पट्टीत आली आणि मोठा नकाशा समोर कायम राहिला. मार्ग दाखवण्याची सोय मात्र २०१५ उजाडल्यावर मिळाली.

भाषेचा प्रश्न या पुनर्रचनेने सुटला नाही. नकाशा चित्रांच्या चौकोनी तुकड्यांनी बनत असे आणि गावांची नावे त्या चित्रांतच उमटलेली असत. त्यामुळे विदागारात मराठी नावासाठी स्वतंत्र टॅग असूनही, तो कुणी काळजीपूर्वक भरला तरी, मराठी वाचकाला ते नाव शोधाच्या निकालात दिसे, शेजारच्या नकाशावर नव्हे.