डिजिटल ट्विन: काम खरोखर किती झाले, ते कसे मोजतो

इमारतीचे त्रिमिती मॉडेल, कामाचे वेळापत्रक आणि साइटवरचे ताजे मोजमाप एकत्र जोडले की डिजिटल ट्विन तयार होते. साइटवर झालेला बदल मॉडेलमध्ये उतरत नसेल, तर ते नुसते चित्र.

पहिले काम किचकट आहे, पण ते टाळू नका. मॉडेलमधल्या प्रत्येक कॉलम, बीम आणि स्लॅबला वेळापत्रकातल्या कामाचा क्रमांक द्यावा लागतो. स्लॅब तीन टप्प्यांत टाकणार असाल, तर मॉडेलमध्येही त्याचे तीन तुकडे हवेत. नाहीतर एक भाग टाकून झाला तरी अख्खा मजला अपूर्ण दिसतो.

नंतर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) कायमच्या खुणा घेतो: निदान 5, चार कोपऱ्यांना आणि मध्यभागी. दर आठवड्याचे मोजमाप याच खुणांना जुळवतो. खूण हलली, तर सगळी इमारत सरकल्यासारखी दिसते.

बाहेरून ड्रोन उडवतो. लागोपाठचे फोटो एकमेकांवर 75 ते 80 टक्के चढलेले असावे लागतात. त्यातून कामाची व्याप्ती चांगली कळते, पण कॉलम ओळंब्यात आहे का हे विचारू नका. मोजमापातच काही सेंटिमीटरचा फरक असू शकतो. त्यासाठी लेझर स्कॅनर लागतो. ओल्या फरशीवर आणि काचेवर मात्र तोही फसतो. आतल्या खोल्यांसाठी 360 अंशांचा कॅमेरा पुरतो, पण तो बघण्यासाठी, मापासाठी नव्हे.

सर्वांत मोठी गफलत शटरिंगमुळे, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या साच्यामुळे होते. फळ्या उभ्या राहिल्या की आकार मॉडेलशी जुळतो आणि सॉफ्टवेअर कॉलम ‘पूर्ण’ दाखवते, आत काँक्रीट नसले तरी! त्यावर बिल काढले, तर न झालेल्या कामाचे पैसे जातात. म्हणून शटरिंग, सळई आणि काँक्रीट हे तीन टप्पे आम्ही वेगळे नोंदवतो. काँक्रीटची नोंद साइट इंजिनिअरने सही केलेल्या पत्रकावरूनच घेतो. टेकूंआड दडलेला भाग ‘दिसला नाही’ असा दाखवतो, ‘झाला नाही’ असा नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी लागतील. नकाशा सुधारला की त्याच दिवशी नवी प्रत द्या. जुन्या नकाशाशी ताडले, तर बरोबर बांधलेली भिंतही चुकीची ठरते. आणि स्लॅब टाकण्याआधी 24 तास कळवा. सळया आणि त्यांतून गेलेले विजेचे पाइप तेव्हाच स्कॅन करता येतात, काँक्रीट पडल्यावर नाही.