दोन फासे आणि एक जड घाव

प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळाच्या टेबलाशी पहिल्यांदाच येऊन बसलेला पाहुणा अर्ध्या तासात हमखास विचारतो, की सारे काही फाशावरच ठरत असेल, तर फायटर (लढवय्या) घेतला काय आणि विझार्ड (जादूगार) घेतला काय, फरक कोणता पडतो? दुसऱ्या टोकाला मुरलेले खेळाडू असतात. सर्वांत बलवान क्लास (पात्राचा प्रकार) कोणता आणि सर्वांत कुचकामी कोणता, याची उतरत्या क्रमाची यादी त्यांच्यापाशी तयार असते आणि तिच्यावरून रात्र रात्र वाद रंगतात. मला दोन्ही बाजू सारख्याच चुकलेल्या वाटतात. पाहुणा फाशाला दैव समजतो, तर मुरलेला खेळाडू प्रत्येक क्षमतेला एक कायमची किंमत चिकटवून टाकतो. ती किंमत मात्र शेजारी दुसरी कोणती क्षमता बसली आहे आणि समोर कोण उभा आहे, यांवर हलत राहते. हे शाळेतल्या संभाव्यतेच्या गणितानेही दाखवता येते.

उदाहरणांसाठी मी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हाच खेळ घेतो, कारण क्लास ही कल्पना रुजवली त्यानेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (पुरोहित) असे तीनच क्लास होते. पुढच्याच वर्षी एका पुरवणीतून थीफ (चोर) आला आणि लपणे, चाहूल लागू न देता चालणे, सापळे निकामी करणे या गोष्टी त्याच्या नावावर लिहिल्या गेल्या. तोपर्यंत कोणतेही पात्र अंधारात दबकत पुढे जाण्याचा प्रयत्न करीत असे. आता मात्र ते थीफचे काम आहे, असे बाकीच्यांना वाटू लागले. एका क्लासला क्षमता देताना ती इतरांकडून नकळत काढून घेतली जाते, हा धडा रचनाकारांना इतक्या लवकर मिळाला होता. तो सर्वांनी गिरवला, असे मात्र म्हणवत नाही.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. वार करताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी (त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी) किंवा त्याहून जास्त आली, तर वार लागला असे मानायचे. बोनस ५ आणि आर्मर क्लास १६ असेल, तर फाशावर ११ किंवा अधिक यावे लागते, म्हणजे शक्यता ५० टक्के. फाशाची प्रत्येक बाजू ५ टक्क्यांची असल्यामुळे बोनस एकने वाढला, की शक्यता ५ टक्क्यांनी वाढते. इथपर्यंत सारा सरळ बेरजेचा व्यवहार आहे.

२०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने या बेरजेत ॲडव्हांटेज नावाचा एक वेगळाच प्राणी आणून सोडला, आणि मी ज्या नियमाच्या प्रेमात पडलो तो हाच. परिस्थिती अनुकूल असली, की एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. नियम एका वाक्यात संपतो, पण त्याच्या पोटात बरेच काही दडलेले आहे. पुष्कळ खेळाडू ‘ॲडव्हांटेज म्हणजे पाचाचा बोनस’ असे छातीठोकपणे सांगतात. हे फक्त एकाच ठिकाणी खरे आहे.

यशाची शक्यता ‘स’ मानू. दोन्ही फासे फसले तरच वार हुकतो, म्हणून हुकण्याची शक्यता (१ − स) × (१ − स) होते. ती एकातून वजा केली आणि मूळ ‘स’ही वजा केला, की ॲडव्हांटेजमुळे झालेला निव्वळ फायदा उरतो, आणि तो स × (१ − स) इतका सुटसुटीत येतो. दोन्ही गुणक समान असताना हा गुणाकार सर्वांत मोठा होतो. म्हणून ११ हवे असताना ५० टक्क्यांचे ७५ टक्के होतात आणि खरोखरच पाचाचा बोनस मिळाल्यासारखे वाटते. पण १६ हवे असतील, तर २५ टक्क्यांचे ४३.७५ होतात, म्हणजे पावणेचाराचाच बोनस. आणि २० च हवे असतील, तर ५ टक्क्यांचे जेमतेम ९.७५ होतात. याच कारणाने ज्याला २ पुरतात, त्याला दुसरा फासा जवळपास फुकट जातो. थोडक्यात, जिथे निकाल खरोखर अनिश्चित असतो तिथेच हा नियम जोर लावतो.

आता या नियमाला एक सोबती देऊ. त्याच आवृत्तीत ‘ग्रेट वेपन मास्टर’ नावाचे एक फीट होते. फीट म्हणजे कोणत्याही क्लासच्या पात्राला निवडता येणारे जादा कौशल्य. ते घेणाऱ्याला अवजड शस्त्राने वार करण्यापूर्वी ठरवता येई, की फाशावर पाचाचा तोटा पत्करायचा आणि वार लागल्यास दहा जादा इजा करायची. हा सौदा परवडतो केव्हा? लागलेल्या वाराची सरासरी इजा ‘इ’ मानली, तर साध्या वाराचे अपेक्षित मूल्य स × इ आणि जड वाराचे (स − ०.२५) × (इ + १०). दोन्ही समान मांडून सोडवले, की स = ०.२५ + ०.०२५ × इ असे उत्तर येते. शक्यता याहून जास्त असेल, तर जड घाव फायद्याचा. बीजगणिताचा कंटाळा असलेल्यांनी पुढचे उदाहरण तेवढे पाहावे. ग्रेटस्वोर्डला दोन साधे फासे आणि पात्राच्या ताकदीचे ३ मिळून सरासरी इजा १० होते. मग सीमारेषा बरोबर ५० टक्क्यांवर येते. साधा वार ०.५० × १० = ५, जड वार ०.२५ × २० = ५. कागदावर याहून न्याय्य सौदा सापडणे कठीण आहे. (फाशावर सरळ २० आल्यास इजेचे फासे दुप्पट होतात, तो नियम मी हिशेबातून बाजूला ठेवला आहे.)

हे फीट बार्बेरियनने (रानटी योद्ध्याने) घेतले, की काय होते ते पाहा. या क्लासला दुसऱ्याच लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) ‘रेकलेस अटॅक’ मिळतो, म्हणजे मागाल तेव्हा ॲडव्हांटेज. त्याने साधा वार ०.७५ × १० = ७.५ वर जातो. जड वाराची शक्यता २५ वरून ४३.७५ टक्के होते आणि त्याचे मूल्य ८.७५ वर पोचते. तराजूचे पारडे झुकले. शत्रूचे चिलखत थोडे हलके असून मूळ शक्यता ६५ टक्के असेल, तर ॲडव्हांटेजसह साधा वार ८.७७५ राहतो आणि जड वार १२.८ होतो. दोन्ही क्षमता सुट्या सुट्या तपासणाऱ्या परीक्षकाला वावगे काहीच दिसले नसते, कारण त्या एकमेकींत मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात.

रचनाकाराने रेकलेस अटॅकची किंमत लावली होती, हे खरे. त्या बदल्यात शत्रूंनाही बार्बेरियनवर ॲडव्हांटेज मिळतो. पण याच बार्बेरियनला ‘रेज’ (संताप) आहे, आणि रेज चालू असताना शस्त्रांची सामान्य इजा निम्मी होते. शत्रूची शक्यता ५० वरून ७५ टक्के झाली, तरी इजा अर्धी असल्यामुळे त्याला साध्या पात्राच्या तीन चतुर्थांशच मार बसतो. एका क्षमतेची किंमत दुसरीने परस्पर चुकती केली! अशा जागा शोधणे हेच क्लास रचणाऱ्याचे खरे काम आहे, आणि ते किती मोठे आहे याचा अंदाज सहज येतो. खेळात अवघ्या ४० क्षमता असल्या, तरी त्यांच्या ७८० जोड्या आणि ९,८८० त्रिकुटे होतात.

इथे फाशांविषयीच्या एका श्रद्धेचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही. काही खेळाडू २० ची बाजू वर ठेवून फासे ‘भरून’ ठेवतात, दगा देणारा फासा शिक्षा म्हणून डबीत कोंडतात आणि बराच वेळ २० आले नाहीत म्हणजे आता येणारच, असे मानतात. फाशाला स्मरणशक्ती नसते. वीस वेळा टाकूनही एकदाही २० न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे, म्हणजे तो काही कोप नव्हे. फासा सदोष असल्याची शंका असेल, तर तो काहीशे वेळा टाकून प्रत्येक आकडा किती वेळा येतो ते मोजावे. डबीत कोंडून काहीही सिद्ध होत नाही.

सरासरीवरचा अंधविश्वासही काही कमी नाही. २०१४ च्या नियमांत गॉब्लिन या किरकोळ शत्रूचा आर्मर क्लास १५ आणि हिट पॉइंट (इजा सोसण्याची मर्यादा) ७ होते. आपल्या ग्रेटस्वोर्डवाल्याचा साधा वार त्याला ५५ टक्के वेळा लागतो आणि जड वार ३० टक्के वेळा. सरासरी इजा अनुक्रमे ५.५ आणि ६, म्हणजे हिशेब जड घाव घाला असे सांगतो. पण ७ हिट पॉइंटच्या जिवावर वीस इजा ओतून करायचे काय? लागलेला साधा वारही त्याला ३६ पैकी ३३ वेळा संपवतो. म्हणून तो एका वारात मरण्याची शक्यता साध्या वाराने सुमारे ५० टक्के आणि जड वाराने ३० टक्केच आहे. सरासरीने उघडउघड चुकीचा सल्ला दिला.

याच कारणाने सारखी सरासरी असलेले दोन क्लासही खेळताना सारखे भासत नाहीत. पाचव्या लेव्हलचा फायटर एका पाळीत दोन वार करतो, तर रोग (Rogue) नावाचा चोरट्या वळणाचा क्लास आपला सारा भर ‘स्नीक अटॅक’ने एकाच वारावर टाकतो. शक्यता ६० टक्के धरली, तर फायटरची पाळी १६ टक्के वेळा पूर्ण वाया जाते आणि रोगची ४० टक्के वेळा. म्हणून ॲडव्हांटेज रोगला पाण्यासारखा लागतो. शिवाय अशी चढउतार दुबळ्या बाजूला लाभते. नायक बहुधा वरचढ असतात आणि त्यांना एकामागून एक लढाया जिंकायच्या असतात, त्यामुळे बेभरवशाची क्षमता अधूनमधून थरार देते आणि दीर्घकाळात त्यांच्याच मुळावर येते.

विझार्डचा प्रश्न आणखी निराळा, कारण त्याच्याकडे शिल्लक संपत जाते. त्याचा फायरबॉल हा मंत्र म्हणजे आठ फासे, सरासरी २८ इजा, आणि जे त्यातून सावरतात त्यांनाही निम्मी. पण पाचव्या लेव्हलला तशा मंत्रांच्या दोनच जागा असतात. २०१४ चे नियम खेळातल्या एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरतात. अनेक टेबलांवर दिवसाला एखादीच मोठी लढाई होते, आणि मग विझार्ड सारी शिल्लक तिथेच उधळून फायटरला निष्प्रभ करतो. दोष विझार्डाला लागतो, पण बिघडलेला असतो तो गृहीत धरलेला दिवस.

२०२४ च्या सुधारित नियमांत ग्रेट वेपन मास्टरमधला तो पाच-दहाचा सौदा काढून टाकण्यात आला. आता अवजड शस्त्राचा वार लागला, की प्रावीण्याच्या बोनसइतकी जादा इजा तोट्याविना मिळते. तराजू सरळ झाला, हे मान्य. पण गॉब्लिन समोर असताना हात आखडता घ्यावा आणि राक्षस समोर असताना धोका पत्करावा, हा निर्णय वार करण्यापूर्वी खेळाडूला घ्यावा लागत असे. तो त्या फीटमधून गेला, याची मला अजूनही चुटपुट आहे.